मोराच्या पिसाऱ्यातला निळा

भोपाळमध्ये अशोका गार्डनच्या आमच्या घरी गणपतीमागे थर्माकोलचा मोर असायचा. पिसाऱ्यात लाल आणि हिरवे दिवे, निळा एकही नाही. "मोराला निळाच नाही?" असं कुणी विचारलं की बाबा म्हणत, "निळा एलईडी अजून बाजारात यायचाय."

1956 साली राजधानी भोपाळला आली तेव्हा आजोबा नागपूरहून कचेरीबरोबर इथे आले. बाबा पुढे भेलमध्ये लागले. दिवसभर घराएवढे ट्रान्सफॉर्मर बघायचे, आणि रात्री दोन व्होल्टच्या दिव्याशी खेळायचे!

एलईडीआधी मखराला 230 व्होल्टचं तोरण असे. एक बल्ब गेला की सगळा अंधार. तो कुठला हे शोधण्यात आरती लांबायची. लाल एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्येच केला होता, आमच्या मखरात तो पोचला 1986 च्या सुमारास. पहिला मी थेट नऊ व्होल्टला लावला. क्षणभर नारिंगी झाला आणि गेला. बाबा रागावले नाहीत, वही काढली. तीन लाल एका माळेत, म्हणजे सहा व्होल्ट. टॉर्चचे सहा सेल, म्हणजे नऊ. उरले तीन, त्यांना 20 मिलिअँपिअरने भागलं की 150 ओहमचा रेझिस्टन्स. तपकिरी, हिरवा, तपकिरी: हे पट्टे मला पाढ्यांआधी पाठ झाले. लांब पाय प्लसला. डाख मात्र बाबाच देत. दुकानदार त्याला रांगा म्हणे.

निळ्या एलईडीसाठी लागणारा गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक वाढवणं अनेकांना जमलं नव्हतं. आकासाकी आणि आमानो यांनी वाट काढली, नाकामुरा यांनी 1993 मध्ये झगझगीत निळा दिवा करून दाखवला. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. आमच्या घरी तो आला त्याच्या कितीतरी आधी, पण बाबांच्या निवृत्तीनंतर.

मी लाल काढून त्याच जागी तीन निळे जोडले. जेमतेम मिणमिणले. मी सेल बदलले, तरी तेच.

"अगं, एकेकाला तीनहून जास्त व्होल्ट लागतात. तिघांचे नऊच्या वर गेले. रेझिस्टन्सला काय उरणार?"

एक काढला. तोच जुना 150 ओहमचा रेझिस्टन्स, पण दोन निळे लखलखले. तिसऱ्याच्या भोकावर आईने टिकली चिकटवली.