हौस, प्रपंच आणि मोटार

ज्याच्याजवळ एकाच गाडीपुरता पैसा आणि एकाच गाडीपुरती जागा आहे, अशा वेगाच्या शौकिनापुढे एक जुना पेच उभा राहतो. चार माणसे व त्यांचे सामान वाहणारी, मागचे दार वर उघडणारी चपळ ‘हॅचबॅक’ घ्यावी, की दोनच आसनांची, उघड्या टपाची, परंतु स्वतःचा असा स्वभाव असलेली ‘स्पोर्ट्‌स कार’ घ्यावी? हा झगडा केवळ हौस आणि प्रपंच यांचा आहे, असे सामान्यतः मानले जाते. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो.

इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन हे गाव आहे. १९२९ साली एम. जी. मोटारींचा कारखाना तेथे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाड्यांनी अमेरिकन तरुणांना वेड लावले. १९६२ मध्ये आलेली ‘एम. जी. बी.’ ही त्यांतील सर्वांत यशस्वी गाडी होय. तिचे इंजिन कुटुंबवत्सल गाड्यांच्याच घराण्यातले, म्हणून किंमत आवाक्यातली. आणि वेग ताशी शंभर मैलांच्या वर. सामान्य मिळकतीच्या माणसालाही शौक परवडू लागला.

परंतु याच सुमारास दुसरीकडे एक निराळेच बीज रुजत होते. १९५६ च्या सुवेझ संकटात पेट्रोलची टंचाई झाली आणि अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने १९५९ मध्ये जेमतेम दहा फूट लांबीची ‘मिनी’ सिद्ध केली. इंजिन आडवे बसवून त्याने चार माणसांना जागा करून दिली. जॉन कूपर यांच्या साहाय्याने १९६१ मध्ये तिची वेगवान आवृत्ती निघाली. १९६४, १९६५ आणि १९६७ या तिन्ही वर्षी तिने माँटे कार्लोची शर्यत जिंकली. विशेष हे की, शर्यतीच्या या मिनी अ‍ॅबिंग्डनच्या त्याच कारखान्यात सज्ज होत असत. स्पोर्ट्‌स कारच्या प्रतिस्पर्ध्याला तिच्याच घरात तालीम मिळाली!

पुढचा घाव जर्मनीतून आला. फोक्सवॅगनच्या काही अभियंत्यांनी प्रथम वरिष्ठांच्या आदेशाविनाच ‘गोल्फ’ या साध्या गाडीची एक वेगवान आवृत्ती तयार केली. १९७६ मध्ये ‘गोल्फ जी. टी. आय.’ विक्रीस आली. ११० अश्वशक्ती, ताशी १८२ किलोमीटर वेग, आणि मागे बाजारहाटाची पिशवी ठेवण्यास ऐसपैस जागा! कंपनीने ५,००० गाड्यांचा अंदाज बांधला होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. वयस्क झालेली एम. जी. बी. आता वेगातही मागे पडली. अमेरिकन नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस तिला रबरी बंपर लावून उंच करण्यात आले, तेव्हा तिचा डौलही उणावला. मालक कंपनीने नवी गाडी घडविण्यास भांडवल दिले नाही, पौंड महागल्याने निर्यातीत तोटा येऊ लागला, आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याचे दरवाजे बंद झाले. पाच लाखांहून अधिक एम. जी. बी. घडविणाऱ्या कारागिरांचे हात रिकामे झाले.

मग स्पोर्ट्‌स कार संपली काय? नाही. १९८९ मध्ये जपानच्या माझदाने ‘एम. एक्स. ५’ आणली. समकालीन हॅचबॅकना वेगात हरविण्याची आकांक्षा तिने धरलीच नाही. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, एवढेच सूत्र तिच्या निर्मात्यांनी समोर ठेवले. वजन कमी राखले, मागची चाके चालती ठेवली. मात्र हॅचबॅकने लोकांना लावलेली विश्वासूपणाची सवय सोडली नाही. २०१६ मध्ये अशा गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली.

हॅचबॅकचे नशीब मात्र पालटले. ज्या सोयीच्या बळावर तिने स्पोर्ट्‌स कारला मागे सारले, त्याच सोयीच्या नावाने उंच व अवजड गाड्या आता तिची जागा घेत आहेत. फोर्डच्या लोकप्रिय ‘फिएस्टा’चे उत्पादन २०२३ मध्ये थांबले. सोयीला अधिक सोयीची वस्तू केव्हाही हुसकावू शकते. स्वभावाला तसा पर्याय सहज मिळत नाही.

म्हणून निवड करताना वेगाचा हिशेब बाजूस ठेवावा. तो वाद १९७६ मध्येच मिटला. घरात माणसे चार असतील, तर चपळ हॅचबॅक घेण्यात कमीपणा नाही. मिनी आणि गोल्फ यांनाही स्वभाव होताच. परंतु दोन आसने पुरत असतील आणि पोहोचण्याइतकाच जाण्यातही आनंद वाटत असेल, तर स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्यास वेडा म्हणण्याचे कारण नाही.