ओबच्या आखाताला कुलूप कोणी लावले?

आर्क्टिक समुद्रांचा इतिहास लिहिताना सगळा दोष बर्फाच्या माथी मारण्याची रीत आहे. पश्चिम सायबेरियातील ओब नदीच्या आखाताबाबत हे उत्तर पुरत नाही. हे आखात म्हणजे सुमारे 800 किलोमीटर लांबीची उथळ खाडी. खोली बऱ्याच भागात 10-12 मीटर, पाणी बव्हंशी गोडे, तोंडाशी गाळाचा उंबरठा आणि वर्षातला बराच काळ बर्फ. तरीही 17व्या शतकाच्या आरंभी श्वेत समुद्राकाठचे पोमोर दर्यावर्दी इथवर येत होते. रशियन नौदलाने इथून येनिसेई नदी गाठली ती थेट 1737 मध्ये. पश्चिमेचा सागरी मार्ग मधल्या काळात बंद पडला, तो मुख्यतः राज्यकर्त्यांमुळे.

पोमोरांचे ‘कोच’ गोलाकार बुडाचे लाकडी गलबत होते. बर्फाने दाबले तर चिरडले जाण्याऐवजी ते वर उचलले जाई. आखाताच्या पश्चिमेच्या यामल द्वीपकल्पाला उत्तरेकडून वळसा घालण्याऐवजी पोमोर मुत्नाया नदीत शिरत, मधली जमीन गलबते ओढून ओलांडत आणि झेल्योनाया नदीने आखातात उतरत. पुढे ताझ नदीवर 1600-01 मध्ये मंगाझेया हे शहर वसले आणि सेबलच्या कातड्यांच्या व्यापारावर भरभराटले. मिखाइल बेलोव यांच्या 1968 पासूनच्या उत्खननात तिथे जुन्या गलबतांच्या फळ्या बांधकामात वापरलेल्या सापडल्या. पण याच वाटेने इंग्रज आणि डच व्यापारी येतील व सरकारी जकात बुडेल, अशी भीती तोबोल्स्कचा सुभेदार कुराकिन याने 1616 मध्ये मॉस्कोला कळवली. 1619 च्या सुमारास ही सागरी वाट मृत्युदंडाच्या धाकाने बंद झाली.

यावर आक्षेप असा की तो काळच कडाक्याच्या थंडीचा होता, सेबलही संपत आले होते. दोन्ही खरे. 1642 च्या आगीनंतर मंगाझेया सावरले नाही, 1672 मध्ये ओस पडले. त्याचा दोष एकट्या बंदीला देता येणार नाही. पण बंदीनंतरही तोबोल्स्कहून सरकारी ताफे ओब नदीने, याच आखातातून तिथे जात होते, वादळांत फुटतही होते. आखात बंद नव्हते. मिटले होते ते पश्चिमेचे दार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: 1737 मध्ये येनिसेई गाठणाऱ्या नौदल मोहिमेचा प्रमुख दिमित्री ओव्हत्सिन याचे 1734, 1735 आणि 1736 चे प्रयत्न फसले, स्कर्वीने त्याची माणसे खचली, मग निसर्गच आडवा आला नाही का? आला, पण ओव्हत्सिनचे काम वेगळे होते. पोमोरांनी वळसा टाळून वाट काढली होती. त्याला उघड्या समुद्रातून जायचे होते, किनारा मोजायचा होता. पश्चिमेकडून यामलला वळसा घालणाऱ्या मालिगिन आणि स्कुरातोव्ह या नौदल अधिकाऱ्यांनाही वाटेत हिवाळा काढावा लागला, मग 1737 मध्ये ते आखातात पोहोचले.

आजचे चित्रही हेच सांगते. गाळाच्या उंबरठ्यातून खोल कालवा खणून आखाताकाठी साबेत्ता बंदर उभे राहिले आणि डिसेंबर 2017 मध्ये तिथून द्रवरूप नैसर्गिक वायूचे पहिले जहाज सुटले. निसर्ग वाटेची किंमत ठरवतो. ती मोजायची की नाही, हे सत्ता ठरवते. म्हणून ओव्हत्सिनच्या मोहिमेला किनाऱ्याच्या मोजणीचे श्रेय द्यावे, आखाताच्या शोधाचे देऊ नये. ते इथल्या मूळच्या नेनेत्स लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते आणि पोमोरांनी ते व्यापाराला जोडले होते.