भावंडांचा हिशेब

“हा बापावर गेला, ही आईवर गेली,” असे आपण घरोघर म्हणतो. भावंडांच्या याच साम्यावरून रोगाचे मूळ शोधता येते. त्या शोधाची ही हकीगत.

डॉ. लायोनेल पेनरोझ हे १९३१ पासून इंग्लंडात कोलचेस्टर येथे मंदबुद्धी समजल्या जाणाऱ्या रुग्णांच्या संस्थेत काम करीत होते. दोन गुणांची जनुके एकाच रंगसूत्रावर शेजारीशेजारी असली, तर ती बहुधा जोडीनेच मुलात उतरतात. पण हे पडताळायला आईबापांची माहिती हवी, आणि ती नेहमी मिळतेच असे नाही. १९३५ साली पेनरोझ यांनी वाट दाखविली: केवळ भावंडांच्या जोड्या पाहा. एका गुणात सारखी असणारी भावंडे दुसऱ्या गुणातही वाजवीपेक्षा जास्त वेळा सारखी निघाली, तर ती जनुके शेजारी आहेत असे समजावे.

पुढे हिशेब आणखी सुटसुटीत झाला. प्रत्येक मूल बापाच्या रंगसूत्रांच्या जोडीतून एक आणि आईच्या जोडीतून एक घेते. जणू चिठ्ठ्याच टाकलेल्या. म्हणून भावंडांच्या १०० जोड्यांत सुमारे २५ जोड्यांच्या दोन्ही चिठ्ठ्या जुळतात, ५० जोड्यांची एकच जुळते, २५ जोड्यांची एकही नाही. एकच रोग झालेल्या भावंडांत पहिला आकडा बराच फुगला, तर रोगाचे जनुक तेथेच जवळपास असावे. लिव्हरपूलच्या कडवर्थ आणि वुड्रो यांनी १९७५ साली लहान वयातील मधुमेहाचा माग असाच काढला.

पण मंडळी, या हिशेबाच्या तळाशी काही गृहीते आहेत. पाच आजारी भावंडांच्या दहा जोड्या होतात खऱ्या. पण ते दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. थोरल्याच्या दोन्ही चिठ्ठ्या मधल्याशी जुळल्या आणि मधल्याच्या धाकट्याशी, तर थोरला-धाकटा जुळणारच! सगळ्या जोड्या सुट्या धरल्या, तर एकाच घराची साक्ष पुन्हापुन्हा मोजली जाते.

दुसरे असे, की सारखी खूण म्हणजे एकाच ठिकाणाहून आलेली खूण नव्हे. खूण समाजात सर्रास असेल, तर ती एका मुलाला बापाकडून येईल, दुसऱ्याला आईकडून. आईबाप हयात नसले, म्हणजे समाजातले तिचे प्रमाण धरून चालावे लागते. ते प्रमाण परक्या समाजाचे घेतले, तर नसलेला संबंध दिसू लागतो. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची चाल आहे. तेथे आईबापच नात्यातले. त्यांना परके धरून केलेला हिशेब चुकतो. मग ठपका भलत्याच जनुकावर बसतो, आणि उपाय शोधणारे आडवाटेला लागतात.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एक नाणे बापाचे, एक आईचे. छाप पडला की चिठ्ठी जुळली. दोन्ही नाणी १०० वेळा उडवा आणि फळ्यावर आकडे मांडा. ते नेमके २५, ५०, २५ येणार नाहीत. किती फरक नुसत्या योगायोगाने पडतो, हे मुलांनी स्वतः पाहिले, की पुढचे सारे समजावणे सोपे जाते.