एआरटीच्या भरवशावर

एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांमधल्या गुदद्वाराच्या एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा विषाणू) संसर्गाचा विषय निघाला, की एक ठरलेले उत्तर मिळते. गोळ्या नियमित चालू आहेत, सीडी-४ (प्रतिकारपेशींची संख्या) उत्तम आहे, मग हा विषाणू आपोआप जाईल; नसता शोध घेऊन भीती कशाला वाढवायची? हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधे, घेणाऱ्यांत कर्करोगकारक प्रकारचा एचपीव्ही तुलनेने कमी आढळतो. कर्करोगपूर्व विकृती पुष्कळदा स्वतःहून मागे फिरतात, हेही सिडनीतल्या ‘स्पँक’ अभ्यासात दिसले आहे.

निष्कर्ष मात्र टिकत नाही. अमेरिकेतल्या ‘अँकर’ चाचणीचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. एचआयव्ही असलेले, पस्तिशी गाठलेले आणि गुदद्वारात तीव्र कर्करोगपूर्व विकृती आढळलेले सुमारे ४,४०० लोक तीत होते. त्यांत पुरुषच बहुसंख्य. निम्म्यांवर उपचार झाले, उरलेल्यांवर नुसती देखरेख. कर्करोग झाला पहिल्या गटात ९ जणांना, दुसऱ्यात २१ जणांना. प्रमाण ५७ टक्क्यांनी घटले. चर्चा याच आकड्याची होते. मला अधिक बोलका वाटतो तो दुसराच तपशील: या लोकांच्या सीडी-४चा मध्यक सहाशेच्या आसपास होता आणि पाचांतल्या चौघांच्या रक्तातला एचआयव्ही पूर्ण आटोक्यात होता. म्हणजे ज्यांना आपण ‘काळजीचे कारण नाही’ असे सांगतो, तेच हे रुग्ण. तरीही देखरेखीच्या गटात कर्करोगाचे प्रमाण लाख व्यक्तिवर्षांमागे ४०२ निघाले.

कारण उघड आहे. एआरटी एचआयव्हीची वाढ रोखते. एचपीव्हीवर तिचा थेट मारा नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्या काळात एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार अस्तराच्या पेशींत ठाण मांडतो, आणि सीडी-४ पुढे सावरले तरी तिथले बदल सगळेच पुसले जात नाहीत. त्यांचा कर्करोग व्हायला वर्षे लागतात. एआरटीपूर्वी बहुतेकांना तेवढे आयुष्यच लाभत नसे.

हा पाश्चात्त्यांचा प्रश्न, ही पळवाटही नको. मुंबई आणि चेन्नईतल्या समलिंगी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या तपासणीत दहांतल्या नवांहून अधिकांना गुदद्वाराचा एचपीव्ही संसर्ग आढळला होता. एचपीव्हीच्या लसीचे म्हणाल, तर ती लागणीआधीच घ्यायची. सत्ताविशी ओलांडलेल्या एचआयव्हीबाधितांवरची चाचणी उपयोग दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. भिंगाने गुदमार्ग बारकाईने पाहू शकणारे डॉक्टर मोजकेच. ती सोय नसेल तर नुसता स्वॅब घेऊन उपयोग नाही. पण तिथे वर्षातून एकदा बोटाने तपासावे, असे अमेरिकेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याला लागतो एक हातमोजा आणि थोडी जेली. आपल्याकडे रक्त पडते म्हणून आलेल्या पुरुषाला तेवढेही न करता मूळव्याधीचे मलम लिहून दिले जाते.