रंगनाम आणि तरंगलांबी : हौशी लेसरकारांच्या परिभाषेचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेचा इतिहास लिहिताना आपले लक्ष बहुधा कोशकार, परिभाषा-समित्या आणि पाठ्यपुस्तके यांच्यावर खिळलेले असते. कारागिराच्या बाकावर शब्द कसा घडतो व कसा टाकला जातो, याची दखल क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा वर्गाच्या शब्दव्यवहाराचा मागोवा घ्यावयाचा आहे. निरनिराळ्या तरंगलांबीचे डायोड मिळवून हातात धरावयाचे लेसर-दर्शक बनविणारे आणि तपासणारे हौशी लोक हा तो वर्ग होय. या मंडळींनी रंगांची नावे टाकून दिली आणि संख्यांची नावे स्वीकारली. वरवर पाहता ही केवळ सोयीची गोष्ट वाटते. परंतु तिच्या मुळाशी डोळ्याचा प्रश्न आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम खुद्द 'लेसर' या शब्दाविषयी. हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा जोड असून तो गॉर्डन गूल्ड याने १९५७ च्या सुमारास आपल्या टिपणवहीत योजिला. त्या वेळी प्रत्यक्षात एकही लेसर अस्तित्वात नव्हता. म्हणजे वस्तूच्या आधी नाव जन्मले. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश काढला, तेव्हा नावाला धनी मिळाला. मराठीत कोशवाङ्मयाने 'लेसर' हे रूप पसंत केले, तर वृत्तपत्रांनी व बाजाराने 'लेझर'. दुसरे रूप इंग्रजी उच्चाराला अधिक जवळचे आहे हे खरे. तथापि 'लेझीम' या जुन्या फारसी पाहुण्यामुळे ते आपल्या कानाला परके वाटले नसावे, असा माझा तर्क आहे. मिरवणुकीत लेझीम जिथे होते तिथेच लेझर येऊन बसले, हा योगायोग मात्र मौजेचा म्हटला पाहिजे.

विरळ तरंगलांबीच्या शोधाशी महाराष्ट्राचा संबंध फार लवकर आला. बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्याची तरंगलांबी सुमारे १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या कितीतरी पलीकडची. त्याच दशकाच्या मध्यास तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धसंवाहक लेसर तयार झाला आणि त्यायोगे तुर्भे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्ये प्रकाशाच्या द्वारे संदेशवहन करण्यात आले. हाही प्रकाश डोळ्यांना न दिसणाराच. महाराष्ट्राशी निगडित असलेले हे दोन्ही आद्य लेसर अदृश्य होते, याकडे मी वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. कारण भाषेची अडचण नेमकी याच ठिकाणी उद्भवते.

मराठी मुलाला वर्णपटाची ओळख 'तानापिहिनिपाजा' या सूत्राने होते. या सात अक्षरांपैकी 'पा' हे अक्षर विचार करण्याजोगे आहे. पारवा म्हणजे पारव्या पक्ष्याचा रंग. तो वस्तुतः राखी-निळसर असून शुद्ध प्रकाशाच्या पट्ट्यात तसा रंग कोठेही आढळत नाही. इंग्रजीतील निळीच्या रंगाची जागा भरून काढण्यासाठी तो तेथे बसविला गेला. जांभळा हा फळावरून आलेला, नारिंगीही फळावरूनच. अशी ही दृष्ट वस्तूंवर उभारलेली नावे होत. वर्णपटाच्या दोन्ही टोकांपलीकडे मात्र दाखविण्यासारखी वस्तूच नसल्यामुळे संस्कृताचा आश्रय घ्यावा लागला. 'अवरक्त' म्हणजे तांबड्याच्या खालचा आणि 'जंबुपार' म्हणजे जांभळ्याच्या पलीकडचा. यांपैकी 'जंबुपार' ही घडण मला विशेष सुरेख वाटते, कारण तिच्यात जांभूळ अजून जिवंत आहे.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने येथे एक पोटकथा आहे. हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि स्वतंत्र जिल्हा तर १ मे १९८१ रोजी झाला. संस्थानात उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला होता, आणि त्यासाठी भाषांतर विभाग त्याआधीच, १९१७ मध्ये, उघडण्यात आला होता. उर्दू परिभाषेत जंबुपारास 'बालाए-बनफ्शी' आणि अवरक्तास 'जेरीं-सुर्ख' म्हणतात. घडण अगदी समांतर आहे: एकीकडे जांभूळ, दुसरीकडे बनफ्शाचे फूल, एकीकडे 'अव', दुसरीकडे 'जेर'. दोन्ही भाषांनी दृश्य रंगाला खुंटी मानून अदृश्याला तिला टांगले. आणि दोन्ही शब्द शाळेच्या भिंतीबाहेर फारसे पडले नाहीत.

बाहेर काय घडले? सुमारे २५ वर्षांपूर्वी राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत मी चावीच्या कडीला अडकविलेला एक लेझर घेतला होता. तीन बटणसेल आणि एक तांबडा ठिपका, एवढाच त्याचा संसार. असल्या दर्शकांची तरंगलांबी साधारणतः ६५० नॅनोमीटर असते. पण ती विचारण्याची गरज विक्रेत्याला किंवा मला भासली नाही. तेव्हा एकच रंग मिळत असल्यामुळे 'लेझर लाइट' एवढे नाव पुरेसे होते.

पुढे हिरवे आले, आणि नावांचा गोंधळ सुरू झाला. निकामी झालेल्या डीव्हीडी-लेखकातून सुमारे ६६० चा तांबडा डायोड निघे, सीडी-लेखकातून ७८० चा अवरक्त, ब्लू-रे यंत्रातून ४०५ चा जांभळा. या शेवटच्याचे श्रेय जपानातील शुजी नाकामुरा यांच्या गॅलियम नायट्राइडवरील कामाला आहे. २०१० च्या सुमारास कॅसिओ कंपनीच्या एका प्रक्षेपकात ४४५ नॅनोमीटरचे दोन डझन शक्तिमान डायोड बसविलेले आढळले आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनी ते प्रक्षेपक उकलून डायोड सुटे केले. आमच्या सूत्रातील 'पारवा' ज्या जागी बसतो, नेमका त्या जागचा हा प्रकाश! पण त्याला पारवा कोणी म्हटले नाही. 'चारशे पंचेचाळीस' असेच म्हटले गेले. हे संख्यानाम रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानांत वाढलेल्यांना नवे नव्हते. डायोडला विद्युत्प्रवाह मोजून द्यावा लागतो, अन्यथा तो क्षणार्धात जळतो. त्यासाठी जो नियंत्रक वापरतात तो बाजारात 'तीनशे सतरा' याच नावाने मागितला जातो.

संख्येचा हा आग्रह निव्वळ हौसेचा नव्हे. मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरला सर्वांत संवेदनशील असतो. सारख्याच शक्तीचे दोन किरण घेतले तर ५३२ चा हिरवा हा ६५० च्या तांबड्यापेक्षा सुमारे आठपट तेजस्वी दिसतो, आणि ४०५ चा जांभळा त्या हिरव्याच्या हजाराव्या भागाइतकाही दिसत नाही. म्हणून जांभळ्याचा ठिपका मंद पाहून अननुभवी माणूस शक्ती वाढवीत जातो, आणि दृष्टिपटलावर पडणारी ऊर्जा मात्र मंद नसते. 'जांभळा' या शब्दात ही गोष्ट कोठेही सूचित होत नाही. 'चारशे पाच' या नावाने ती जाणत्याला तत्काळ समजते.

हिरव्याची गोष्ट याहून बिकट आहे. स्वस्त हिरव्या दर्शकात मुळात हिरवा डायोड नसतोच. ८०८ चा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवितो, त्यातून १०६४ चा अवरक्त निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा देतो. शेवटी अवरक्त अडविणारी गाळणी हवी. ती काही पैशांसाठी गाळली जाते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी असा एक स्वस्त दर्शक तपासला, तेव्हा त्यातून सुमारे २० मिलीवॅट अदृश्य किरण बाहेर पडताना आढळले. तांबड्या वा हिरव्या झोताला पापणी पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्याला ती मिटतच नाही.

या संशोधकांनी सुचविलेली परीक्षा घरगुती वस्तूंची होती, आणि हौशी लोकांतही सीडीची हीच युक्ती रूढ आहे. सीडीवरील दोन वळ्यांत १,६०० नॅनोमीटर अंतर असते. त्यामुळे ती प्रकाशाचे विश्लेषण करणारी जाळी ठरते. तिच्यावर किरण सरळ पाडून समोर एक मीटरवर समांतर पडदा धरला, तर मध्यापासून पहिला ठिपका ४०५ साठी सुमारे २६ सेंटिमीटरवर, ५३२ साठी ३५ वर आणि ६५० साठी ४४ वर पडतो. आतली अवरक्त-गाळणी काढलेल्या कॅमेऱ्यातून पाहिले असता सदोष दर्शकाचे आणखी दोन ठिपके ५८ व ८९ सेंटिमीटरच्या आसपास उमटतात. ते ८०८ आणि १०६४ होत. हा प्रयोग डोळा किरणाच्या वाटेत येणार नाही अशा बेताने व योग्य चष्मा लावूनच करावयाचा असतो. माझ्या विभागातील काही विद्यार्थ्यांनी मला तो करून दाखविला, तेव्हा एकाने पडद्याच्या रिकाम्या भागाकडे बोट करून सहज म्हटले, "इथे आठशे आठ आहे." 'अवरक्त' हा शब्द त्याला परीक्षेत आला असता यात मला शंका नाही, परंतु जे दिसत नव्हते ते दाखविताना त्याच्या तोंडी संख्याच आली.

याच्या उलट मिरवणुकीची भाषा पाहावी. २०२३ च्या गणेशोत्सवात कोल्हापूर, पुणे आदी ठिकाणी लेसर-झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, नेत्रतज्ज्ञांनी इशारे दिले, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मिरवणुकीतील अशा झोतांना मनाई केली. तथापि मंडळाचा कार्यकर्ता भाड्याने दिवे आणताना रंगच विचारतो. शक्ती किती व तरंगलांबी किती, हे विचारण्यास त्याच्याजवळ रूढ शब्द नाही. 'लेझर मारणे' हे क्रियापद तेवढे रूढ झाले आहे, आणि त्यात 'मारणे' कोणाला, याचा निर्देश नाही.