नोंदवहीचे वय
खानदेशातील एच.आय.व्ही. उपचार आणि लोकसंख्येचा हिशेब

एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या व्यक्तींना शासनाकडून मोफत औषधे मिळतात. ही औषधे देणाऱ्या केंद्राला ए.आर.टी. केंद्र म्हणतात. खानदेशात जळगावच्या शासकीय रुग्णालयात आणि धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अशी केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रावर नोंद होते : वय, स्त्री की पुरुष, विवाहित की विधवा, गाव, व्यवसाय. देशभरातील अशा नोंदी पाहिल्या तर वीस वर्षांत त्यांत मोठा बदल झालेला दिसतो. नोंदलेल्यांची संख्या वाढली, त्यांचे सरासरी वय वाढले आणि स्त्रियांचा वाटाही वाढला.

हे आकडे ऐकताच ‘रोग वाढतो आहे, आता तो वयस्कांना आणि बायकांना होऊ लागला आहे’ असे अनुमान सहज काढले जाते. ते बरोबर आहे का, हे पाहायचे तर या नोंदवहीचा इतिहास पाहावा लागतो.

उपचारांपूर्वीची अठरा वर्षे

भारतात एच.आय.व्ही. प्रथम आढळला तो १९८६ साली, चेन्नईत (तेव्हाच्या मद्रासमध्ये). १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात महाराष्ट्रात तपासणी होई ती प्रामुख्याने मोठ्या शहरांत, रक्तपेढ्यांत आणि गुप्तरोग दवाखान्यांत. साहजिकच वेश्याव्यवसायातील स्त्रिया, त्यांच्याकडे जाणारे पुरुष आणि ट्रकचालक हेच या रोगाचे ‘चेहरे’ ठरले.

खानदेशाचा नकाशा समोर ठेवला तर ही समजूत का पक्की झाली हे कळते. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता हे दोन्ही धुळ्यात एकमेकांना छेदतात. भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन. रावेर-यावलची केळी ट्रकांनी आणि रेल्वेने उत्तर भारतात जातात. कामासाठी सुरत, नाशिक, मुंबई गाठणारे मजूर गावोगाव आहेत. माणसांची ये-जा मोठी असेल तेथे संसर्गजन्य रोग पोचण्याची शक्यता अधिक, हे खरेच. परंतु ट्रकचालकाचे घर कोठेतरी असते. ते चोपडा, पारोळा किंवा साक्री तालुक्यातल्या एखाद्या गावात असते आणि तेथे त्याची पत्नी असते. ती कोणत्याही ‘जोखमीच्या गटात’ मोजली जात नव्हती.

पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये लागणीचे प्रमाण सुमारे ५० टक्के निघाले. वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांमध्ये ते सुमारे १४ टक्के होते. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचा हा गट असल्याने हे प्रमाण सर्व स्त्रियांना लावता येणार नाही. पण लागण घरात पोचली होती एवढे त्यावरून स्पष्ट झाले.

उपचार न मिळाल्यास लागण झाल्यापासून आजार गंभीर होईपर्यंत सरासरी आठ ते दहा वर्षे जातात आणि त्यानंतर मृत्यू साधारण एक-दोन वर्षांत येतो. म्हणजे १९९०च्या आसपास लागण झालेला पुरुष २०००च्या सुमारास गंभीर आजारी पडला. तीन औषधांचे परिणामकारक मिश्रण १९९६ पासून जगात उपलब्ध होते, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २००१ मध्ये सिपला या भारतीय कंपनीने स्वयंसेवी संस्थांसाठी तो वर्षाला ३५० डॉलरवर आणला. शेतमजुराच्या घराला तेही आवाक्याबाहेरचे होते. आपल्याकडे लागण झालेली पहिली पिढी अशी बरीचशी उपचारांविना गेली आणि तिची नोंद कोणत्याही उपचार केंद्राच्या वहीत नाही.

२००४ : वही उघडली

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने मोफत ए.आर.टी. सुरू केली. सुरुवातीला देशात केवळ आठ केंद्रे होती. महाराष्ट्रातील केंद्र मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात होते. जळगावहून तेथे जायचे तर सुमारे ४०० कि.मी. रेल्वेप्रवास, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा खर्च. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे निघाली. प्रकृती स्थिर असलेल्यांना घराजवळ औषधे मिळावीत म्हणून त्यांना जोडलेली उपकेंद्रेही झाली.

उपचार कोणाला द्यायचे हे सीडी-४ या पांढऱ्या पेशींच्या संख्येवरून ठरे. निरोगी माणसाच्या रक्तात प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. आरंभी ही संख्या २०० च्या खाली गेल्यावरच औषधे सुरू होत. पुढे ही मर्यादा ३५० आणि मग ५०० करण्यात आली. २०१७ पासून लागण आढळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : मर्यादा बदलली की एकाही नव्या माणसाला लागण न होता औषध घेणाऱ्यांची संख्या वाढते.

सरासरी वयाचे गणित

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात १०० बाधित आहेत आणि त्यांचे सरासरी वय ३२ वर्षे आहे.

पहिली परिस्थिती : औषध नाही. दहा वर्षांत हे शंभरही जण दगावतात आणि तेवढ्याच नव्या लोकांना लागण होते. नव्यांचे सरासरी वय ३२ धरले तर दहा वर्षांनंतरही संख्या १०० आणि सरासरी वय ३२.

दुसरी परिस्थिती : औषध आहे. शंभरांपैकी ९० जण जगतात, त्यांचे सरासरी वय ४२ होते. नवी लागण कमी होऊन ३० वर येते, त्यांचे सरासरी वय ३२. एकूण संख्या १२०. सरासरी वय : (९० × ४२ + ३० × ३२) ÷ १२० = ३९.५.

नवी लागण १०० वरून ३० वर आली, तरी वहीतील संख्या वाढली आणि वयही साडेसात वर्षांनी वाढले. पहिल्या वहीतले ‘तारुण्य’ मृत्यूमुळे टिकले होते. दुसऱ्या वहीचे वय वाढले, कारण माणसे जगली.

राष्ट्रीय अंदाज हेच दाखवतात. २०२३ मध्ये देशात सुमारे २५ लाख एच.आय.व्ही.बाधित होते. त्या वर्षी सुमारे ६८ हजार जणांना नव्याने लागण झाली आणि सुमारे ३६ हजार जणांचा एड्समुळे मृत्यू झाला. २०१० शी तुलना करता नवी लागण सुमारे ४४ टक्क्यांनी घटली, तर मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. हौदात पडणारी धार बारीक झाली, पण तोटी त्याहून अधिक बंद झाली. म्हणून पाण्याची पातळी चढते.

वहीतल्या स्त्रिया

आज देशातील बाधितांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४४ टक्के आहे. यामागे लागण हे एक कारण आहे, पण तेवढेच नाही. गरोदरपणी तपासणी होत असल्याने स्त्रीची लागण लवकर, प्रकृती बरी असतानाच कळते. पुरुषाला अशी ठरलेली तपासणी नाही. तो बहुधा क्षयरोग झाल्यावर किंवा वजन खूप उतरल्यावर दवाखान्यात येतो. उशिरा आलेला माणूस औषध मिळूनही दगावण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे स्त्रिया वहीत लवकर येतात आणि टिकून राहतात.

वहीतील ‘विधवा’ हा शब्दही इतिहास सांगतो. पती वयाने मोठा आणि त्याला लागण आधी झालेली. तो औषधांपूर्वीच्या काळात गेला. पत्नीला लागण नंतर झाली, आणि ती आजारी पडेपर्यंत औषध आले होते. दोघांत फरक होता तो काही वर्षांचा. औषधाने तिला आयुष्य दिले. पण सासरची जमीन, माहेरचा आधार आणि रोजची मजुरी हे प्रश्न औषधाने सुटत नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश केला गेला तो याच कारणाने.

मुले मोठी झाली

उपचार नसताना बाधित मातेकडून बाळाला लागण होण्याचा संभव साधारण एकतृतीयांश असतो. योग्य औषधांनी तो पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो. मुलांसाठीचा मोफत उपचार कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाला. २००० च्या सुमारास जन्मलेले आणि औषध वेळेत मिळालेले बालक आज पंचविशीत आहे. ते एका शाळेत शिकले, तेथे कोणीतरी त्याचे वर्गशिक्षक होते. मुलांच्या रकान्यातून ते मोठ्यांच्या रकान्यात गेले, म्हणजे मुलांची संख्या घटली. हीही घट आनंदाचीच.

मोजताना घ्यायची काळजी

जिल्ह्याचे आकडे वाचताना दोन सावधगिऱ्या हव्यात. पहिली सीमेची. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. १९९१ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती. २००१ मध्ये ती सुमारे १७ लाख भरली. माणसे कोठे गेली नाहीत, रेषा बदलली. ‘धुळे जिल्हा’ या एकाच नावाखालचे १९९८ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे म्हणून शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय ओळख लपवण्यासाठी कोणी आपला जिल्हा सोडून दूरच्या केंद्रात नाव नोंदवतो. केंद्राची वही म्हणजे जिल्ह्याची शिरगणती नव्हे.

दुसरी सावधगिरी नमुन्याची. २००७ पूर्वी देशात सुमारे ५२ लाख बाधित असल्याचे शासन मानत होते. हा अंदाज मुख्यतः शासकीय दवाखान्यांत येणाऱ्यांच्या तपासणीवर आधारलेला होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरी एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. देशात प्रौढांतील प्रमाण ०.२८ टक्के, महाराष्ट्रात ०.६२ टक्के निघाले. ही माहिती आणि वाढवलेली तपासणी केंद्रे यांच्या आधारे २००७ मध्ये राष्ट्रीय अंदाज सुमारे २५ लाखांवर आणण्यात आला. रोग एका वर्षात निम्मा झाला नव्हता. मोजण्याची रीत सुधारली होती.

वर्गासाठी

वरचे काल्पनिक गणित नववी-दहावीचे विद्यार्थी सहज करतील. नव्या लागणीचे आणि मृत्यूंचे आकडे बदलून पाहावेत, संख्या आणि सरासरी वय यांचे आलेख काढावेत. ‘संख्या वाढली’ या वाक्यापुढे ‘का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय त्यातून लागेल.

मात्र उदाहरण काल्पनिकच असावे. गावातील, शाळेतील कोणा कुटुंबाचा उल्लेख, सूचकही, होऊ नये. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार लागणीच्या कारणावरून शाळाप्रवेश नाकारता येत नाही, विद्यार्थ्याशी भेदभाव करता येत नाही आणि संमतीविना कोणाची माहिती उघड करता येत नाही. एकत्र बसण्याने, डबा वाटून खाण्याने, खेळण्याने ही लागण होत नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

ए.आर.टी. केंद्रासमोरच्या रांगेत आज रक्तदाब आणि मधुमेहाचीही औषधे घेणारी पन्नाशीची माणसे उभी असतात. वीस वर्षांपूर्वी त्यांतल्या अनेकांना चाळिशी गाठण्याची आशा नव्हती. नोंदवहीचे वाढते वय वाचायचे ते असे.