वळिवड्याची छावणी, अठ्ठेचाळीसचं जळीत आणि जगाचं मौन



आजचा विषय आहे वंशसंहार. हा विषय बिद्रीत कशाला, असं कोणाच्याही मनात येईल. दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात ऊस, पाणी, सहकार यांवर बोलावं. युरोपात, आफ्रिकेत काय घडलं ते आपण कुठं निस्तरणार? पण थोडं मागं वळून पाहिलं, तर या विषयाची सावली आपल्या जिल्ह्यावर दोनदा पडलेली दिसते. एकदा ती पाहुण्यांबरोबर आली, एकदा घरातच उगवली. मधलं अंतर पाच वर्षांचं.

आधी पाहुण्यांचं पाहू. 1943 साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. भारतातली ही त्यांची सगळ्यात मोठी वसाहत. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, असं एक छोटं पोलंडच पंचगंगेच्या परिसरात वसलं होतं.

ही माणसं इथवर आली कशी? 1939 च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि सतरा तारखेला पूर्वेकडून स्टालिन. 1940 च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकायला सुरुवात झाली. कोणी काय केलं हे तपासलं गेलं नाही. कोण आहात, कोणाच्या घरातले आहात, एवढंच पाहिलं गेलं. थंडी, भूक, रोगराई यांत कितीतरी माणसं तिथंच राहिली. पुढे 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला, स्टालिनला दोस्तांची गरज पडली, तेव्हा वाचलेल्यांना बाहेर पडता आलं. इराणमार्गे त्यांतले काही हिंदुस्थानात पोचले.

आता 1943 हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रशियातल्या कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडली. 1940 मध्ये तिथं आणि इतर ठिकाणी मिळून सुमारे 22,000 पोलिश कैद्यांना सोव्हिएत पोलिसांनी ठार केलं होतं. दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांना खरं काय असावं याचा अंदाज होता. पण स्टालिन युद्धात आपल्या बाजूला, मग बोलायचं कसं? सोव्हिएत सरकारने ही जबाबदारी मान्य केली ती 1990 साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. युद्ध संपलं तेव्हा पूर्व पोलंड रशियाकडेच राहिला. वळिवड्याची माणसं मोकळी झाली, पण त्यांचं गावच दुसऱ्या देशात गेलं होतं.

याच पोलंडचा एक ज्यू वकील, राफाएल लेमकिन. त्याने 1944 मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. लेमकिनचा साधा प्रश्न होता: एका माणसाला मारलं तर खून, आणि अख्ख्या समाजाला मारलं तर सरकारचा अंतर्गत प्रश्न, हा कुठला न्याय? त्याच्या धडपडीतून 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेलं कृत्य, अशी त्याची व्याख्या. राजकीय गट मात्र तिच्यातून वगळले गेले. तसं व्हावं म्हणणाऱ्यांत सोव्हिएत रशिया होताच.

असो. कायदा झाला. पण कायद्याने हात हलतात का? 1994 चं रवांडा पाहा. तिथं रेडिओवरून तुत्सी लोकांना ‘झुरळं’ म्हटलं जात होतं. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक त्या वेळी देशात हजर होते. सुरक्षा परिषदेने काय करावं? ऐन कत्तलीत, 21 एप्रिलला, ही संख्या 270 वर आणायचा ठराव केला! ‘वंशसंहार’ हा शब्द उच्चारला तर काहीतरी करावं लागेल, म्हणून मोठ्या देशांचे अधिकारी तो शब्दच टाळत राहिले.

आता घरचं. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता, एवढी बातमी पुरली. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं, दुकानं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. आपल्याकडे या प्रकाराला आजही नुसतं ‘जळीत’ म्हणतात. हा वंशसंहार नव्हता. शब्द स्वस्त करू नयेत, नाहीतर कातिन आणि रवांडा यांना शब्द उरत नाही. पण पहिली पायरी तीच होती: गुन्हा एकाचा आणि शिक्षा जातीला. त्यात जुन्या सावकारीचे, कुळांचे राग मिसळले. ते राग खोटे होते असं आम्ही म्हणत नाही. पण शाहू महाराजांनी 1902 साली त्याच अन्यायावर उपाय केला तो निम्म्या जागा राखून ठेवण्याच्या हुकमाने. त्यासाठी त्यांना कोणाचं घर पेटवावं लागलं नाही.

मग प्रश्न असा, की ज्या मुलखाने परक्या पाच हजार माणसांना सांभाळलं, त्याच मुलखात शेजाऱ्याची घरं कशी पेटली? एक उत्तर असं, की पाहुण्याच्या शेताला आपला बांध लागून नसतो. त्याच्यावर दया करणं सोपं. शेजाऱ्याशी हिशेब असतात. आणि दुसरं उत्तर आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. छावणीत कोणीतरी जबाबदार होतं: जागा कोणाची, धान्य कोण देणार, दवाखाना कोण पाहणार, हे ठरलेलं होतं. जळिताच्या वेळी जमावाला अडवणं हे नेमकं कोणाचं काम, याचं उत्तर गावोगाव कोणाकडेच नव्हतं.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर इथं दोन चुका आहेत आणि त्या जुळ्या आहेत. जमाव म्हणतो, “ते सगळेच दोषी.” बघे म्हणतात, “आपण एकटे काय करणार?” पहिल्या वाक्यात समोरचा एकेक माणूस पुसला जातो, दुसऱ्यात आपण स्वतःला पुसून टाकतो. “जगाने काही केलं नाही” हे वाक्यही असंच बिनकर्त्याचं आहे. जग म्हणून कोणी खुर्चीवर बसत नाही. ठरावावर हात वर करणारी माणसं होती, त्यांना नावं होती. तसंच जळितातही. जिथं गावातली चार वजनदार माणसं वाटेत आडवी उभी राहिली, तिथं घरं वाचली. कोणी शेजाऱ्याला माळ्यावर लपवलं, कोणी रातोरात बैलगाडीने बाहेर काढलं. अशा हकिगती दक्षिण महाराष्ट्रात अजून सांगितल्या जातात. त्या लिहून ठेवायला हव्यात. सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

वळिवड्याची पोलिश मंडळी 1948 पर्यंत इंग्लंड आणि इतर देशांकडे पांगली. त्यांच्या जागी फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. लग्नाचा बस्ता बांधायला आपण सगळे तिथं जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा दुकानदाराला एवढं विचारा, की तुमचे आजोबा कुठून आले.

आणि मोबाइलवर “हे लोक असेच” असा निरोप आला, तर पाठवणाऱ्याला विचारा: कोण? नाव सांग. काय केलं, ते सांग. उत्तर आलं तर पोलीस ठाणं आहे, कोर्ट आहे. नाही आलं, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवायचा. सुरक्षा परिषदेत आपल्याला कोणी बसवलेलं नाही, पण एवढी एक जागा आपल्या ताब्यात आहे.

वेळ झाली.  आता प्रश्न घेऊ.